ग्रिलमधली कळलावी

आपल्याकडे झाड घरात येण्याचे दोन रूढ मार्ग आहेत. पहिला फांदीचा. कुणाकडे पाहुणे म्हणून जायचं, चहा होईपर्यंत अंगणात फिरायचं, ‘काय सुरेख जास्वंद आहे हो तुमची!’ असं दोनदा म्हणायचं. निघताना वर्तमानपत्रात गुंडाळलेली फांदी हातात पडतेच. यजमानांचं लक्ष नसेल तर विचारायचीही गरज नाही. चोरून आणलेली फांदी हमखास जगते, याबद्दल महाराष्ट्रातल्या तमाम आयांचं एकमत आहे. दुसरा मार्ग नर्सरीचा. हायवेला गाडी थांबवायची, फुलांनी लगडलेलं रोप घासाघीस करून घ्यायचं आणि दीड महिन्याने रिकामी कुंडी गच्चीवर नेऊन ठेवायची.

मी तिसरा मार्ग धरला. बियांचा. त्यातही झेंडू, गुलबक्षी अशा समजूतदार बियांचा नव्हे. गुलबक्षीचं मिऱ्यासारखं काळं बी तर आमच्या सोसायटीच्या गटाराच्या फटीत कुणी न विचारता उगवतं आणि संध्याकाळी फुलतंही. मला हवी होती वर्षानुवर्षं टिकणारी, पण शहाणी माणसं ज्यांच्या बियांच्या वाटेला जात नाहीत अशी फुलझाडं. का, याचं उत्तर बायको गेली पाच-सहा वर्षं मागते आहे.

आम्ही राहतो एव्हरशाईन सिटीत. वसई रोड स्टेशनला पूर्वेला उतरून शेअर रिक्षात अंग चोरून बसलात की आमच्याकडे पोचता. नावात अखंड चकाकी असली तरी आमच्या ग्रिलमध्ये ऊन येतं ते सव्वादहा ते सव्वाबारा, समोरच्या दोन इमारतींच्या मधल्या फटीतून. आमच्या पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर. पश्चिमेला, रुळांपलीकडे, निर्मळ, गास, भुईगावकडच्या वाड्या. तिथे विहीर आहे, सावली आहे, मोगरा, तगर, सोनचाफा आहे. एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला बागायत, आणि मध्ये आमचं चार फूट बाय दीड फुटाचं बॉक्स ग्रिल. त्यातलाही अर्धा भाग एसीच्या बाहेरच्या डब्याने घेतलेला. उरलेल्या अर्ध्यात माझं उद्यान. पाणी टँकरचं, माती पोत्यातली, कोकोपीट विटेच्या आकाराचं.

सुरुवात लॅव्हेंडरने झाली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लोक घरी पाव भाजायला आणि एकमेकांचे केस कापायला शिकत होते, तेव्हा मी बियाणं मागवायला शिकलो. पाकिटावर क्षितिजापर्यंत पसरलेलं जांभळं शेत. आत शंभर बिया, आणि त्यावर निळ्या गुलाबाच्या पन्नास बिया फुकट. गुलाबात निळं रंगद्रव्य मुळात तयारच होत नाही. जपानमधल्या एका कंपनीने पॅन्सीच्या फुलाचं जनुक गुलाबात घालून वर्षानुवर्षं खटपट केली, तरी हाती आला तो जांभळटच. मला मात्र पन्नास निळे गुलाब फुकटात मिळाले होते. ते अर्थातच उगवले नाहीत. त्या बिया टोमॅटोच्या असाव्यात असा बायकोचा अंदाज होता, पण टोमॅटोही उगवले नाहीत.

लॅव्हेंडरची अडचण वेगळी. थंड मुलखातल्या बियांना हिवाळा सोसल्याशिवाय उगवायची इच्छा होत नाही. हा हट्ट नाही, शहाणपण आहे. बर्फ पडायच्या तोंडावर जमिनीत पडलेलं बी लगेच उगवलं तर कोवळा कोंब गारठून मरेल. म्हणून ते आत बसून थंडीचे दिवस मोजतं, हिशेब पुरा झाला की मगच दार उघडतं. आमच्या एव्हरशाईनमध्ये हिवाळा म्हणजे जानेवारीतले चार दिवस, सकाळच्या विरार लोकलच्या दारात वारा जरा बोचतो तेवढा. तेव्हा हिवाळ्याची सोय फ्रिजमध्ये करावी लागते. ओलसर टिश्यूपेपरात बिया पसरायच्या, डबीत बंद करायच्या आणि चार आठवडे फ्रिजमध्ये ठेवायच्या. मी डबी खालच्या कप्प्यात, आल्याच्या मागे ठेवली.

“अहो, या डबीत काय आहे?”

“हिवाळा.”

बायकोने फ्रिजचं दार नेहमीपेक्षा जोरात लावलं. आमच्या संसारात त्याचा अर्थ ‘विषय संपला’ असा होतो.

तिसऱ्या आठवड्यात भाचा आला. बाहेर उकाडा मरणाचा. आईने प्रेमाने लिंबू सरबत केलं, आणि फ्रिजमध्ये आल्याच्या मागे सापडलेला भिजवलेला सब्जा त्यात घातला. भाच्याने दोन पेले घेतले. “सब्जा जुना झालाय, नवा आणा,” एवढीच आईची तक्रार होती. भाच्याला काही झालं नाही. शंभरापैकी सत्तर लॅव्हेंडर मात्र त्याच्याबरोबर नालासोपाऱ्याला गेले.

उरलेल्या तीसपैकी अकरा उगवले. मी रोज भिंगातून पाहत होतो. मग जून आला. वसईच्या दमट हवेत कोवळ्या रोपांना बुरशी धरते ती मातीलगत. सकाळी ताठ असलेलं रोप संध्याकाळी आडवं. शेतकीच्या पुस्तकांत याला ‘रोपे कोलमडणे’ म्हणतात. आठवड्याभरात दहा कोलमडली. अकरावं मात्र जोमाने वाढलं, त्याला रुंद पानं फुटली आणि देठ लाल झाले. तो माठ होता. आईने आमटीत घातला.

शहाण्या माणसाने इथे थांबायला हवं होतं. मी कृष्णकमळाकडे वळलो.

कृष्णकमळाला वसईत दोन पुराणं आहेत. ही वेल मूळची अमेरिका खंडातली. तिथे गेलेल्या युरोपी मिशनऱ्यांनी तिच्या फुलात येशूचं क्रूसारोहण वाचलं: तंतूंचं वलय म्हणजे काट्यांचा मुकुट, पाच पुंकेसर म्हणजे पाच जखमा, वरचे तीन स्त्रीकेसर म्हणजे तीन खिळे. तीच वेल इकडे आली आणि तेच तंतू शंभर कौरव झाले, पाच पुंकेसर पांडव, वरचे तीन ब्रह्मा-विष्णू-महेश. रुळांपलीकडच्या एखाद्या वाडीत विचारलंत तर पहिला अर्थ ऐकायला मिळेल, आमच्या सोसायटीत दुसरा. फूल दोघांचं ऐकून घेतं आणि संध्याकाळी मिटतं.

बी मात्र कुणाचंच ऐकत नाही. पिकल्या फळातून काढून ताजं पेरलं तर त्याचा मूड बरा असतो. एकदा वाळलं की रुसतं, आणि मग त्याला महिना लागेल की चार, याचा पंचांगातही उल्लेख नाही. मी ते पॉलिशपेपरवर घासलं, कोमट पाण्यात भिजवलं, पेरलं आणि वाट पाहिली. विसाव्या दिवशी सकाळी कुंडीत चार काटक्या पडलेल्या दिसल्या. दुसऱ्या दिवशी आणखी सहा. तिसऱ्या दिवशी त्यांवर एक कबुतर बसलं होतं, आणि ते उठेना.

एव्हरशाईनमध्ये राहणाऱ्याला पुढचं सांगायला नको. दोन अंडी. अंड्यांवरून हाकलावं तर आई आडवी येते. “लेकुरवाळी आहे रे ती.” अंडी उबवायला कबुतराला अठरा-एक दिवस लागतात, पिल्लांना उडायला आणखी महिना. तेवढा काळ त्या कुंडीला पाणी घालणं बंद, ग्रिलची खिडकी उघडणं बंद, कपडे आत वाळत. माझ्या कुंडीतून त्या मोसमात दोन जीव उगवले खरे. दोघांनाही पंख होते.

सोनचाफ्याचा विचार मी लोकलमध्येच सोडून दिला. वसईची फुलं पहाटेच्या गाड्यांनी दादरच्या फूलबाजारात जातात. एकदा मला लवकर निघावं लागलं, तेव्हा शेजारी टोपल्या घेऊन बसलेल्या एका वाडीवाल्या काकांना मी विचारलं, सोनचाफा बियांपासून करावा का? त्यांनी माझ्याकडे, मग माझ्या ऑफिसच्या बॅगेकडे पाहिलं. म्हणाले, बी काढलं की वरचा लाल गर धुऊन लगेच पेरायचं, ठेवलं की संपलं. उगवलं तरी फुलायला सात-आठ वर्षं जातात. कलम असेल तर दीड-दोन वर्षांत फूल. “बी लावायचं ते नातवासाठी. कलम लावायचं ते दादरसाठी.” अंधेरी आलं तेव्हा त्यांनी हसत एक चाफा माझ्या हातावर ठेवला. दिवसभर ऑफिसला वास येत होता.

आता मुख्य पात्र.

२०२१ च्या दिवाळीत आम्ही गुहागरकडे गावी गेलो होतो. घराच्या गडग्यावर कळलावी वाळली होती. पावसाळ्यात ही वेल कोकणातल्या कुंपणांवर अक्षरशः पेटते. पाकळ्या मागे वळलेल्या, खाली पिवळ्या, टोकांना लाल, जशी चुलीतली आच वर उठावी. म्हणूनच तिला अग्निशिखाही म्हणतात. पानाचं टोक पुढे वाढून त्याचाच ताणा होतो आणि जे सापडेल त्याला वेटोळं घालतो. दिवाळीपर्यंत बोंडं तडकतात, आत डाळिंबाच्या दाण्यांसारख्या लालकेशरी बिया. मी सतरा बिया पाकिटात घातल्या.

“ती घरात नको हं,” आई म्हणाली. “गडग्यावर बरी. नाव ऐकलंस ना तिचं?”

नावाची कथा अशी की, पूर्वी बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून हिचा कंद वापरत. कळ लावणारी ती कळलावी. पण मराठी भाषेला कळ म्हटलं की भांडणही आठवतं. त्यामुळे ज्या घरात कळलावी, त्या घरात कलह, अशी कोकणात पक्की समजूत. खरी भीती वेगळी आहे. वेल नखशिखांत विषारी, कंद तर फारच. तिच्यात कोल्चिसिन असतं. तेच वैद्यांच्या हिशेबी मात्रेत गाऊटवर औषध, आणि मात्रा चुकली की जीवघेणं. त्याच्यासाठी तमिळनाडूत शेतकरी हिची रीतसर शेती करतात आणि बिया किलोवर विकतात. पण तेही लागवड कंदापासून करतात. बियापासून फूल यायला तीन-चार वर्षं लागतात, आणि शेतकऱ्याला तेवढा वेळ नसतो. माझ्यासारख्या नोकरदाराला असतो.

बिया पाकिटात सहा महिने पडू दिल्या, कारण ताज्या बिया झोपेत असतात. २०२२ च्या मे महिन्यात हातमोजे घालून त्यांची लाल साल काढली, रात्रभर कोमट पाण्यात ठेवल्या आणि पेरल्या. चाळिसाव्या दिवशी एक कोंब वर आला. दुसरा बासष्टाव्या दिवशी. तिसरा गणपती गेल्यावर. चौथा पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये. बाकीच्या तेरा अजून विचार करत आहेत.

आधी मला याचा राग यायचा. मग लक्षात आलं की रानातल्या बियांचा हाच तर बेत असतो. सगळं घर एका लोकलमध्ये चढवायचं नाही. पहिला पाऊस पडून महिनाभर खंड पडला, तर जे आधी उगवले ते जळतील. पण मागे राहिलेले पुढच्या पावसाला निघतील. झेंडूला माणसाने पिढ्यान्‌पिढ्या वळण लावलं, म्हणून तो वेळेवर हजर होतो. कळलावीला वळण लावणारा अजून कुणी भेटलेला नाही. चीनमधल्या एका जुन्या तळ्याच्या गाळात सापडलेलं सुमारे १,३०० वर्षांचं कमळाचं बी शास्त्रज्ञांनी रुजवून दाखवलं. त्या मानाने माझी चौथी बी अगदी वक्तशीर म्हणायची.

आणि हे सगळं चालू असताना आमच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, ड्रेनेजच्या पाइपाच्या सांध्यात, एक पिंपळ वाढत होता. ना कोकोपीट, ना पॉलिशपेपर, ना हिवाळा. एक पक्षी फळ खाऊन पाइपावर बसला, एवढंच. सोसायटीने तो दोनदा तोडला. आता तो दोन फांद्यांनी वाढतो आहे.

पहिल्या वर्षी कळलावी म्हणजे फक्त गवताची काडी. कामाला येणाऱ्या मावशींनी ‘तण’ म्हणून एक काडी उपटली आणि कुंडी स्वच्छ केल्याचं मला अभिमानाने सांगितलं. दिवाळीनंतर उरलेल्या काड्या पिवळ्या पडून वाळल्या. घरच्यांनी हळहळ व्यक्त केली. मी सांगितलं, मेली नाही, खाली बोटाच्या पेराएवढा कंद धरलाय, तो झोपलाय. सहा महिने मी रिकाम्या कुंडीकडे प्रेमाने पाहत होतो, आणि घरचे माझ्याकडे.

मार्चमध्ये त्या रिकाम्या कुंडीत हिरवंगार काही उगवलेलं पाहून मी आनंदाने ओरडलो. “आहे ना छान?” आई म्हणाली. “रिकामी होती, म्हणून धणे टाकले. उद्या वड्या करू.” मी कोथिंबीर मुळासकट उपटून कचऱ्यात टाकली. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “मी सांगत नव्हते, कळ लावते म्हणून?”

पुढची कळ मजला उतरून खाली गेली. आमच्या बरोबर खाली एकशे तीन. तिथले अण्णा तमिळनाडूचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. मे महिन्यात त्यांच्या घरी वडाम घालतात, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या कुरडया म्हणा. ग्रिलमध्ये पांढऱ्या धोतरावर पसरलेल्या. मी वरून कुंडीला पाणी घातलं. खालून आवाज आला. मी क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी घातलं, कारण पेरलेली माती वाळू द्यायची नसते. तिसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर नोटीस लागली: ‘ग्रिलमध्ये कुंड्या ठेवणाऱ्या सभासदांनी पाणी खाली गळणार नाही याची दक्षता घ्यावी.’ नाव नव्हतं. गरजही नव्हती. मग दोनशे एकने पाइपात माती अडकल्याचं लिहून दिलं, दोनशे चारने कबुतरांचं. वार्षिक सभेत पार्किंग आणि टँकरच्या बिलानंतर तिसरा विषय मी होतो. आई मोजत होती. “एका उन्हाळ्यात तीन भांडणं,” ती म्हणाली. पार्किंगवरून त्याच सभेत सात झाली होती, आणि पार्किंगमध्ये कळलावी लावलेली नाही, हे मी तिला सांगून पाहिलं.

२०२४ मध्ये कारवी फुलली, तुंगारेश्वरच्या बाजूला लोक फोटो काढायला निघाले. कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते, २०१६ नंतर थेट तेव्हाच. माझी कळलावी त्या पावसाळ्यात ग्रिलच्या तिसऱ्या गजापर्यंत चढली, दोन पानं एसीच्या पाइपाला गुंडाळली आणि एकही फूल न देता झोपायला गेली. बायको म्हणाली, “ही पण आठ वर्षांची आहे का? तोवर तुम्ही रिटायर व्हाल.”

२०२५ चा पावसाळा. गणपती ऑगस्टमध्येच आले होते. घरात आरास चालू होती आणि ग्रिलमध्ये दोन कळ्या होत्या, हिरव्या, मान खाली घातलेल्या. मी कुणाला बोललो नाही. गौरी यायच्या आदल्या दिवशी पहिलं फूल उमललं. आधी हिरवट पिवळं, मग दिवसागणिक टोकांकडून तांबूस. पाकळ्या मागे झुकलेल्या आणि खालून एक केसर काटकोनात बाजूला वळलेला, जणू कुणी हात पुढे केलाय. चार पावसाळ्यांचा माल: दोन फुलं.

आई ग्रिलपाशी आली. बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, “गौरीचे हात.” कोकणात या फुलाला हे नाव आहे, गौरीला ते लागतंच. “काढ ते. उद्या पूजेला पाहिजे.”

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “आणि कळ?”

“गौरीला नाही लागत,” आई म्हणाली.

गौरीपूजनाच्या संध्याकाळी मजल्यामजल्यावरची माणसं दर्शनाला आली. अण्णाही आले, दोन वर्षांनी प्रथमच. नमस्कार केला, मान वर केली आणि थांबले. “अरे! ये तो सेंगांदळ है! हमारा स्टेट फ्लावर!” मग पाटावर बसून त्यांनी सांगितलं की त्यांच्याकडे हिला कार्तिगैप्पूही म्हणतात, कार्तिक महिन्यातलं फूल, लहानपणी शेताच्या कुंपणावर असायची, आजी हात लावू द्यायची नाही. मीही माझ्याकडची माहिती दिली: झिंबाब्वेचं राष्ट्रीय फूल हेच, १९४७ साली राजकन्या एलिझाबेथला तिथून याच फुलाच्या आकाराचा हिऱ्यांचा ब्रोच भेट मिळाला होता. अण्णांनी मान डोलावली, फुलाचा मोबाइलवर फोटो काढला, मुलीला पाठवला, प्रसाद घेतला. चपला घालताना म्हणाले, “बहुत सुंदर है. लेकिन पानी नीचे नहीं आना चाहिए.”

आता कुंडीखाली खोल ताटल्या आहेत. पाणी येत नाही. नोटीस अजून बोर्डावर आहे.

दुसऱ्या फुलाला मी काडीला कापूस गुंडाळून परागकण लावले. त्याचं बोंड धरलं आणि दिवाळीनंतर तडकलं. तीसेक बिया निघाल्या. कुणाला हव्या असतील तर पाकीट घेऊन यावं, फांदी मागू नये. कळलावी फांदीने लागत नाही, चोरूनही नाही. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर आणखी पाच-सहा वर्षं थांबावं. बिया हाताळताना हातमोजे घालावेत, कंद कुणालाही दाखवू नये. सहा महिने पाकिटात, मे महिन्यात मातीत, आणि मग चार पावसाळे. मधल्या काळात कुंडी रिकामी दिसेल. तिच्यात कोथिंबीर लावू नये.